डाव्या बाजूची दांडी

३ मार्च

चि. नातीस,
अ. उ. आ.

मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण ते वेगळं बिऱ्हाड करून राहतात असं धरून मी चालते. तुझा बाप बरा आहे आणि रोज मला शहाणपण शिकवतो, म्हणजे प्रकृती उत्तमच म्हणायची.

पत्र पाहून तू म्हणशील, आजीला फोन करायला काय झालं. फोनवर माणूस हो हो म्हणतं आणि ठेवल्यावर विसरतं. तुझं लिहिलेलं मला शिवणाच्या मशीनच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवता येतं. तिसरीपर्यंतच शिकले, पण तेवढं वाचायला पुरतं.

काम असं आहे. दुकानामागच्या शेडमधल्या बेडकीवरची ताडपत्री मी परवा काढली. तू लहानपणी त्या ताडपत्रीवरून घसरायचीस आणि मी ओरडायचे, ती. खाली तुझ्या आजोबांनी बांधलेली वाळूतली गाडी आहे. एका गोल पाठीच्या जुन्या मोटारीचं वरचं अंग उतरवलं, खालचा सांगाडा हातभर कापून आखूड केला, वर फायबरचा उघडा टब बसवला, इंजिन मागे. ना दार, ना छत. समोरून डोळे वटारलेले, म्हणून बेडकी. सीटा माझ्या हातच्या. शिवण अजून एका ठिकाणी उसवलेली नाही. उंदरांनी आत संसार केला, त्याला मी काय करणार?

एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती पाण्याच्या टाकीमागच्या वळणावर उलटली. चालवत होते तुझे आजोबा, शेजारी त्यांचा धाकटा भाऊ. यांना खरचटलंसुद्धा नाही. भावोजींच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला, तो पाय अजून वाकत नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या ते दहा माणसांदेखत म्हणाले की दादानं मुद्दाम वेगात वळवली, मला मारायलाच निघाला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण लोकांना तेवढं पुरलं. न्हाव्याच्या दुकानात, सायकलवाल्याकडे, सगळीकडे तेच. भावोजी दुसऱ्या गावी गेले आणि परत आले नाहीत. हे पुन्हा कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगवर बसले नाहीत. बत्तीस वर्षं कामावर चालत गेले. मी व्हॅन घेऊन सीटा पोचवायला निघाले की रस्त्याच्या कडेनं चालताना दिसायचे आणि मी थांबवली तरी बसायचे नाहीत.

आता तुझा बाप म्हणतो, शेड रिकामी करू, गाडी भंगारात देऊ. द्यायला माझी ना नाही. पण त्याआधी मला ती का उलटली ते कळायला हवं. माझा नवरा मूर्ख होता की नव्हता, एवढंच. हा प्रश्न घेऊन मी मरणार नाही. तू स्प्रिंगांच्या कारखान्यात सात वर्षं आहेस, तुला कळत असेल. मी ती उघडणार आहे, दुरुस्त करणार आहे आणि त्याच वळणावर त्याच वेगात नेणार आहे. नको म्हणू नकोस, तुझ्या बापानं ते म्हणून झालंय.

उत्तर लवकर पाठव. लोभ कमी झाला तरी चालेल, अक्षर मोठं काढ.

तुझी आजी

*

११ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथं सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचे साहेब म्हणाले, अशा बाईला आपल्याकडे नोकरी द्यायला हवी. मी म्हटलं, मग तुमची जाईल.

नको म्हणत नाही. पण वेग हा शब्द मी वाचलाच नाही असं समजते, त्यावर आपण शेवटी भांडू.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला न बघताही थोडंसं माहीत आहे. त्या जुन्या मोटारींच्या मागच्या धुऱ्याची खोडच वाईट. दोन्ही बाजूंचा धुरा गिअरबॉक्सपाशी एकाच सांध्यावर हलतो. तुझ्या भाषेत सांगायचं तर त्या हाताला खांदा आहे पण कोपर नाही. जोरात वळलं की मागचं अंग वर उचलतं आणि बाहेरचं चाक तिरकं होऊन पोटाखाली मुडपतं. मग गाडी त्या मुडपलेल्या पायावरून कोलमडते. अशा कितीतरी उलटल्या. त्यात चालवणाऱ्याचा दोष असेलही, पण अर्धाच.

म्हणून नुसती दुरुस्ती नको, मागची बाजूच बदलू. दोन्हीकडे दोन-दोन सांध्यांचे नवे धुरे घालायचे आणि प्रत्येक चाक मागून धरून ठेवणारा एक लोखंडी हात बसवायचा. मग चाक खड्ड्यात गेलं तरी सरळ उभं राहतं. हात आणि धुरे मी इथून पाठवते. हात अडकवायला सांगाड्याच्या आडव्या नळीवर कान वेल्ड करावे लागतील. त्यांचा खऱ्या मापाचा खाका काढून पाठवते. तू तो पुठ्ठ्यावर उतरवून काप, जशी सीटची कापतेस.

आधी उघडायचं काम. त्या आडव्या नळीत दोन जाड पोलादी दांड्या असतात, डावी आणि उजवी. त्याच मागच्या स्प्रिंगा. वजन आलं की त्या पिळल्या जातात आणि सोडलं की उलगडतात. बाहेर काढल्यावर प्रत्येकीच्या टोकावर कोरलेली खूण असेल. कुठल्या बाजूच्या दांडीवर कुठली खूण आहे ते मला कळव आणि त्यांची सरमिसळ करू नकोस. हे महत्त्वाचं आहे, म्हणून खाली रेघ मारली आहे.

बाबांना सांग, मी तुझ्या बाजूने आहे. ते तसेही मला नावं ठेवतात, त्यात आणखी एक.

तुझ्या प्रेमाचा वाटा मला पोचत राहो,
तुझी नात

*

२६ मार्च

चि. नातीस,
अ. उ. आ.

तुझं खांदा आणि कोपराचं मला पटलं. कोपर नसलेली बाही मी कुणाला शिवून दिली असती तर त्यानं ती माझ्या तोंडावर फेकली असती. मोटारवाल्यांचं बरं असतं, लोक पैसे देऊन घेतात.

गाडी उघडली. मदतीला मौनी वेल्डर येतो. आठवतो ना? तोंड कधी मिटत नाही म्हणून त्याला मौनी म्हणतात. तो वेल्डिंगचा मुखवटा घालूनही बोलतो, फक्त आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. त्याचं म्हणणं, या वयात बायका शाली विणतात. मी म्हटलं, मग तू वीण, सुया मी देते. त्यानंतर तासभर गप्प होता.

उजवी बाजू सुटता सुटेना. गंजानं बोल्ट आणि पत्रा यांचं लग्नच लागलेलं. दोन दिवस तेल पाजलं, तापवले, शेवटी एक कापावा लागला. डावी बाजू मात्र सुरळीत निघाली. तिथल्या बोल्टांना चांगलं जाड ग्रीस लावलेलं होतं. मौनी म्हणतो, एकाच गाडीला दोन नशिबं. मला त्याचा अर्थ लागला नाही, तुला लागला तर सांग.

उजवी दांडी अख्खी निघाली. डावी निघाली ती दोन तुकड्यांत. मधेच मोडलेली, तोंड ऊस मोडल्यासारखं. खुणा दोनदा पाहिल्या, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिल्या. डाव्या बाजूच्या दांडीवर उजव्याची खूण आहे आणि उजव्या बाजूच्या दांडीवर डाव्याची. खुणांचा आणि मोडलेल्या तोंडाचा कागदावर ठसा घेऊन सोबत पाठवते आहे.

म्हणजे कारखान्यातच चूक झाली की काय? कारण आमच्याकडून होणं शक्य नाही. मागचं सगळं तेव्हा मीच बसवलं होतं. उलटायच्या आधी महिनाभर यांनी मागची बाजू साफ करायला खोलली, आणि मग कामावर एका ट्रकच्या रेडिएटरच्या वाफेनं यांचा हात भाजला. पट्टी बांधून स्टुलावर बसून हे सांगायचे आणि मी करायचे. दांड्या मी रॉकेलनं धुतल्या, पुसल्या, ग्रीस लावलं, आत सारल्या. दोन्ही सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या, जुळ्या बहिणी. शिवणारीनं मोटार जोडली म्हणून हे आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. एक बोल्ट ढिला राहिला नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

नव्या हातांची वाट बघते आहे. मशीनवरचं काम मी सकाळी उरकते आणि दुपार बेडकीला देते. तुझा बाप शेडच्या दारात येऊन उसासे टाकतो. टाकू दे, उकाड्यात तेवढीच हवा.

माया आहे ती आहेच, वेगळी लिहीत नाही.

तुझी आजी

*

२ एप्रिल

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही लोखंडी हात, धुरे, नवे शॉकअप आणि गिअरबॉक्सला लावायच्या वाट्या काल पार्सलने पाठवल्या. पेटी जड आहे, बाबांना उचलायला लाव. त्यांचे उसासे तेवढ्यापुरते कामी येतील.

खाका सोबत आहे. कान वेल्ड करताना मौनीकाकांना सांग की आधी चार ठिकाणी नुसते टाके मारायचे, मग माप घ्यायचं, मग पूर्ण शिवण. एकदम वेल्ड केलं तर तापल्यामुळे नळी वाकेल. तू कच्ची शिवण घालून बघतेस तसंच. माप मात्र काटेकोर हवं. दोन्ही चाकं एकाच दिशेला बघायला हवीत, नाहीतर गाडी खेकड्यासारखी जाईल.

टबच्या फायबरला जिथे चिरा असतील तिथे आतून कापड लावून रेझिन भर, बाहेरून नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, फासू नकोस.

आता दांड्यांचं. हे लिहायचं की नाही याचा मी चार दिवस विचार केला. बाबांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

कारखान्यात चूक झालेली नाही. त्या दांड्या दिसायला सारख्या असतात, पण जुळ्या नसतात. बनवतानाच त्यांना एका दिशेनं पीळ देऊन ठेवतात, डावीला एका बाजूचा, उजवीला दुसऱ्या. त्या दिशेनं त्या कितीही वर्षं पिळल्या तरी सोसतात. बाजू बदलली तर प्रत्येक धक्का पिळाच्या विरुद्ध बसतो. काही दिवस काही कळत नाही. मग एखाद्या वळणावर, वजन एकदम एका बाजूला आलं की दांडी तुटते. मागचं अंग त्या बाजूला खाली बसतं, चाक टबमध्ये अडकतं आणि गाडी जाते.

मोडलेल्या तोंडाचा तू काढलेला ठसा साहेबांनाही दाखवला. त्यांचंही मत तेच. वेग कितीही असता तरी फार फरक पडला नसता. आजोबांची काही चूक नव्हती.

खुणा बघायच्या असतात हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, आजी. मी सुद्धा हे नोकरीला लागल्यावरच शिकले.

तुझ्या मायेत खंड पडू नये एवढंच मागते,
तुझी नात

*

८ एप्रिल

चि. नातीस,
अ. उ. आ.

पेटी मिळाली. पत्र मिळालं.

पिळाचं मला तू शिकवायला नको होतंस. मशीनला उलट पिळाचा दोरा लावला की टाक्यागणिक उकलत जातो आणि पाचव्या हातावर तुटतो, हे मी बाराव्या वर्षी शिकले. नवीन रीळ आणलं की आधी बोटांत फिरवून पीळ बघते. पोलादाला पीळ असतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, ज्या कापडाला सुलट-उलट नाही त्याची कुठलीही बाही कुठेही लागते. दोन्ही एका फडक्यावर ठेवल्या होत्या आणि धुताना कुठली कुठली ते सुटलं. मी विचारलंही होतं. हे म्हणाले असतील, काही फरक नाही. किंवा मी विचारलं नसेल. आता आठवत नाही, आणि सोयीचं तेच आठवायचं असं मी करणार नाही.

तर गाडी मी उलटवली. यांनी नाही.

तुझ्यावर एका गोष्टीसाठी रागावले आहे. हे पत्राच्या शेवटी लिहायचं नव्हतं, पहिल्या ओळीत लिहायचं होतं. आधी रेझिन नि लांबी वाचायला लावलंस. कडू औषध साखरेत देतात ते पोरांना. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे.

नव्या दांड्यांची जोडी लगेच पाठव, खुणांसकट. काम थांबलेलं नाही. कानांचे पुठ्ठे कापून झाले. आणि तुझ्या बापाला मी स्वतः सांगितलं. तो खुर्चीवर बसला. मग उठून पेटी शेडमध्ये उचलून नेली.

आता एक पत्र भावोजींना लिहायचं आहे. त्याला तुझी मदत नको.

आशीर्वाद आहेत, काम कर.

तुझी आजी

*

९ एप्रिल

भावोजी यांस,
आशीर्वाद, विनंती विशेष.

हे गेल्यावर तुमचं चार ओळींचं पत्र आलं होतं, त्याला मी उत्तर दिलं नाही. आज देते आहे, उशीर झाला म्हणून तुम्ही मला बोलायचं नाही. उशिराच्या बाबतीत आपण दोघं सारखेच.

मी बेडकी उघडली. मागची डावी दांडी मोडलेली निघाली. दांड्यांच्या बाजू बदललेल्या होत्या आणि त्या मी बसवल्या होत्या. यांचा हात भाजलेला होता. यांनी गाडी वेगात नेली नाही, मुद्दाम नेली नाही, चुकीची वळवली नाही. तुमचा गुडघा माझ्यामुळे गेला.

माफी मागण्यात मी कच्ची आहे, सवय नाही. पण जे आहे ते हे आहे. तुमच्या भावाला तुम्ही जे बोललात ते मला बोला. पत्रानं बोललात तरी चालेल, समोर येऊन बोललात तर बरं. गाडीला नवी मागची बाजू लागते आहे. तयार झाली की त्याच वळणावरून मी नेणार आहे. शेजारची सीट रिकामी आहे.

तब्येत सांभाळा. लोभाचा हक्क मी मागू शकत नाही, उत्तराचा मागते.

तुमची वहिनी

*

२० एप्रिल

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आयुष्यभर दुसऱ्यांची घरे आणि पूल कागदावर आखले, पण हे उत्तर आखता येईना. तीन कागद वाया गेले. आता जसे सुचेल तसे लिहितो.

वहिनी, मला हे माहीत होते.

अपघातानंतर सुमारे वर्षाने दादाचे पत्र आले. गाडी परत आणल्याच्या चौथ्या दिवशी, आपण दुकानात असताना, त्याने डाव्या बाजूचे झाकण खोलून पाहिले होते. मोडलेली दांडी दिसली, खूणही दिसली. त्याने ते पुन्हा बंद केले. मला गुडघ्याचे खरे कारण कळायला हवे म्हणून लिहितो, असे त्याने लिहिले होते, आणि ही गोष्ट आपल्याला कधीही कळू देऊ नये अशी शपथ घातली होती. त्याचे शब्द मला पाठ आहेत. “तिने बसवलं, पण बघायचं काम माझं होतं. माझा हात भाजला होता, डोळे भाजले नव्हते. तिला कळलं तर ती पुन्हा कशाला हात लावणार नाही.”

दवाखान्यात मी जे बोललो ते वेदनेत बोललो, पण बोललो. गावाने ते उचलले. खरे कळल्यावर मला ते शब्द परत घ्यायचे होते. पण परत घ्यायचे तर कारण द्यावे लागले असते आणि कारण आपण होता. दादा म्हणाला, राहू दे, लोकांच्या तोंडाला काय लागायचे. मी राहू दिले. मग इतकी वर्षे गेली की यायलाच लाज वाटू लागली. आपण समोर बसून माझ्या पायाची विचारपूस केली असती आणि मी काय सांगितले असते? तो गेला तेव्हाही आलो नाही. हे त्या गुडघ्यापेक्षा जास्त दुखते.

आपल्यावर माझा राग कधीच नव्हता. आपण मला बोलावले आहे. येऊ का, हे आपण हे पत्र वाचून पुन्हा सांगावे.

आपल्या लोभास मी पात्र राहिलो असेन तर तो असू द्यावा,
आपला दीर

*

२४ एप्रिल

भावोजी यांस,
आशीर्वाद, वि. वि.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुम्हा दोघांची उघडली तर आत मीच बसलेली!

डाव्या बाजूच्या बोल्टांना ग्रीस कुणी लावलं ते आता कळलं. उघडून पाहिलं, बंद केलं आणि गंजू नये म्हणून ग्रीसही लावलं. कामाचा माणूस. लपवायचं तेही नीट.

पण दोन भावांनी बसून माझ्यासाठी ठरवलं, आणि मला विचारलं नाही. मी पुन्हा कशाला हात लावणार नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी मी नवी दांडी आणून बसवली असती, खूण बघून. आणि न्हाव्याच्या दुकानात उभी राहून सांगितलं असतं की चूक माझी. चार दिवस लोक हसले असते. त्याऐवजी हे बत्तीस वर्षं चालत गेले. उन्हात, चिखलात. एका घरात राहून, एका ताटलीतलं मीठ खाऊन त्यांनी मला एवढंच ओळखलं?

हे मी त्यांना सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही ऐकून घ्या. त्यांच्या वाटचं तुम्हालाच ऐकायचं आहे.

येऊ का म्हणून विचारता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पाडायचे कुणाचे? मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गाडी तयार असेल. सकाळच्या बसनं या. पाय लांब करता येईल अशी सीट मागे सरकवून ठेवते. आला नाहीत तर मी बेडकी घेऊन तिथे येईन आणि तुमच्या दारात भोंगा वाजवीन.

तुमच्यावरचा लोभ तपासून पाहिला. थोडा गंजला आहे, मोडलेला नाही.

तुमची वहिनी

*

१६ मे

चि. नातीस,
अ. उ. आ.

सविस्तर लिही म्हणालीस, म्हणून दोन बैठकांत लिहिते आहे. काही चुकलं असेल तर सांभाळून घे.

कान वेल्ड झाले तेव्हा तू सांगितल्याप्रमाणे आधी चार टाके मारून घेतले. मौनी म्हणाला, डोळ्यानं बरोबर दिसतंय, पुरी शिवण मारू. मी म्हटलं, डोळ्यानं बरोबर दिसणाऱ्या गोष्टींचा मला अनुभव आहे. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्हीकडे ताणून दोरा बांधला आणि पट्टी लावत गेले. डावीकडचं चाक दोन सुतांनी बाहेर बघत होतं. मौनीनं तीन वेळा मोजलं, तीन वेळा तेच आलं. मग मुकाट्यानं टाके कापले आणि कान पुन्हा लावला. दोरा चारी ठिकाणी टेकला तेव्हाच पुरी शिवण मारू दिली.

नव्या दांड्या मी स्वतः घातल्या. तुझ्या बापाला दिव्याखाली खुणा मोठ्यानं वाचायला लावल्या, मग मौनीला, मग मी वाचल्या. दांडीच्या टोकाचे दाते एकेक करून फिरवत, तू कोनासाठी कापून पाठवलेल्या कागदी पाचरीशी कोन जुळवला, त्याला अख्खी दुपार गेली. चार वेळा काढून घातल्या. तुझा बाप तिसऱ्या वेळेला म्हणाला, आई, आता पुरे, जवळपास आलंय. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चौथ्या वेळेला पाना त्यानंच घेतला.

इंजिनचा कार्ब्युरेटर साफ करून, नव्या नळ्या घालून, नवी बॅटरी लावली. सात वेळा खोकलं, आठव्यांदा बोललं. ब्रेक दोन दिवस गल्लीत तपासले.

रविवारी भावोजी आले. बसमधून उतरताना मी त्यांना ओळखलंच नाही. केस गेलेले, काठी, आणि चालणं तेच, एक पाय कंपासासारखा बाजूनं फिरवत. वाकून नमस्कार करू लागले तर मी म्हटलं, वाकता येत नाही ते वाकू नका. आम्ही दोघंही रडलो नाही. चहा झाला. मग ते सरळ शेडमध्ये गेले आणि बेडकीच्या मागे खाली बघायचा प्रयत्न करू लागले. गुडघा वाकेना. मग तुझ्या बापानं जमिनीवर आरसा ठेवला आणि त्यात त्यांनी सगळं नीट पाहिलं, जोडन् जोड. म्हणाले, आखणी चांगली आहे. हे तुझ्यासाठी आहे, म्हणून कळवते.

मग आम्ही निघालो. तू वेगावर भांडणार होतीस, ते आता भांड, होऊन गेलंय. टाकीपर्यंत सावकाश नेली. वाळू लागली तशी गाडी हलू लागली, पण मागचं अंग दोन्ही पायांवर उभं होतं. मला माझ्या पाठीतून ते कळत होतं. वळणाच्या आधी मी गिअर बदलला आणि त्यांना विचारलं, त्या दिवशी किती वेग होता. ते म्हणाले, याहून जास्त. मी वाढवला. पुन्हा विचारलं. ते म्हणाले, थोडा अजून. त्यांनी पुढची कांब दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे मिटले नव्हते, हे मी पाहिलं.

वळण घेतलं. मागच्या चाकांनी वाळू फेकली, गाडी थोडी बाजूला सरकली आणि सरळ झाली. बस, एवढंच. सांगण्यासारखं काही झालं नाही, आणि हेच सांगायचं होतं. मी थांबले नाही, टेकडीला वळसा घालून परत आले आणि पुन्हा त्याच वळणातून नेली. तिसऱ्या वेळी भावोजी म्हणाले,

“दादा असाच चालवायचा, वहिनी. हळूच.”

म्हणजे वेग यांचा कधी नव्हताच. त्या दिवशीसुद्धा नव्हता. भावोजी मला वाढवा वाढवा म्हणत होते ते फक्त गाडी किती सोसते ते बघायला. मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही पहिल्या वळणाला सांगायचं होतं. तेव्हा ते हसले. मग बराच वेळ आम्ही वाळूत गाडी बंद करून बसलो.

परत येताना मी शेडकडे वळवली नाही, बाजारात नेली. भावोजींनी विचारलं कुठे. मी म्हटलं, तुम्ही ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्याकडे. ते घाबरले, पण उतरले नाहीत. त्या वेळचे दहा-बारा जण तरी बोलणारे होते. शोधून चार सापडले, बाकीचे आपापली मतं घेऊन गेले.

सायकलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, मला तर आधीपासूनच वाटत होतं. त्याला आधीपासून काहीही वाटत नव्हतं, पण असू दे. पेट्रोलपंपावरच्या म्हाताऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि भावोजींचा हात हातात धरला. उरलेल्या दोघांना, जुन्या कंपाउंडरला आणि न्हाव्याला, कानानं काही ऐकू येत नाही. भावोजी ओरडू लागले तर अख्खा रस्ता जमला. मी त्यांना थांबवलं आणि न्हाव्याच्या मुलाकडून कागद मागून घेतला. भावोजी म्हणाले, वहिनी, मी लिहितो, माझं अक्षर चांगलं आहे. मी म्हटलं, तुमचं अक्षर चांगलं आहे पण चूक माझी आहे.

मोठ्या अक्षरात लिहिलं की गाडी यांनी उलटवली नाही, मागच्या दांड्या मी चुकीच्या बाजूला बसवल्या होत्या, त्यातली एक मोडली. कंपाउंडरनं वाचून मान हलवली. न्हाव्यानं कागद दोनदा वाचला, डोळ्यांजवळ नेऊन तिसऱ्यांदा वाचला, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, एवढं सांगायला इतकी वर्षं का लागली.

मी कागद परत घेतला आणि खाली लिहिलं, गाडी आत्ता उघडली.

इथे सगळे ठीक. तुझी सुट्टी कधी ते कळव आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी आजी